उदासीवरचा पहारा

फार जुन्या काळी एका डोंगरावर दोन गावं होती, वरचं आणि खालचं. देवीच्या जत्रेत दोन्ही गावांचे सोंगाडे समोरासमोर उभे राहत. ज्याच्या सोंगाला लोक जास्त हसत, त्याच्या गावाला पालखीचा पहिला मान मिळे.

वरच्या गावचा तरुण सोंगाड्या एरवी फार उदास असे. समोरची भाकरी तशीच राही. तरी जत्रेत तो पोट दुखेपर्यंत हसवी. त्यामुळे त्याचे विनोद उदासीतूनच उगवतात, असं गावाने ठरवून टाकलं. जत्रा जवळ आली की त्याला गावाबाहेरच्या झोपडीत एकटं ठेवत. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, गोडधोड द्यायचं नाही. दारावर पहारा असे. त्यालाही हे पटलं होतं.

एका वर्षी तो अंथरुणातून उठेचना. यंदा उदासी चांगली मुरली आहे, असं पहारेकरी पाटलाला आनंदाने सांगून आले.

हे ऐकून खालच्या गावचा म्हातारा सोंगाड्या चढ चढून आला. विनोद चोरायला आला असेल, असं पहारेकऱ्यांना वाटलं. त्यांना बाजूला सारून तो आत जाऊन बसला.

"नाना, आता जगावंसं वाटत नाही," तरुण म्हणाला.

"माझ्याबरोबर वैद्याकडे चल."

"बरा झालो तर विनोद कुठून आणू?"

"अरे वेड्या, गेल्या जत्रेत तू मुरगळल्या पायाने नाचलास. म्हणून यंदा गावाने तुझा पाय मुरगळायचा का?"

तरुणाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला.

म्हाताऱ्याने त्याला आपल्या घरी नेलं. त्या वर्षी मान खालच्या गावाला गेला आणि पाटील दोघांनाही पुष्कळ बोलला. इकडे वैद्याचं औषध चाललं होतं, ओट्यावर रोज माणसं गप्पांना येत होती. काही दिवस बरे जात, काही पुन्हा काळे. हळूहळू त्याला भूक लागू लागली.

पुढच्या जत्रेत त्याने सोंग घेतलं ते पहारेकऱ्याचं. चवड्यांवर चालत, तोंडावर बोट ठेवून तो म्हणाला, "हळू बोला रे, तो आत उदास होतोय. गूळ झाका आधी."

आधी खालचं गाव हसलं, मग पहारेकरी, मग खुद्द पाटील. हसता हसता पाटलाचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याने आपलं पागोटं हवेत उडवलं आणि हरलो म्हणून नाचू लागला. पालखीला पहिला खांदा पाटलाने तरुण सोंगाड्याला द्यायला लावला आणि दुसऱ्या दिवशी गावाने ती झोपडी पाडली. उदासी पुढेही अधूनमधून येई, पण तेव्हा तो एकटा नसे.

हसवणारा दुःखामुळे नव्हे, दुःख असूनही हसवतो. म्हणून त्याचं दुःख जपू नये, त्याला जपावं.