तळं टेकलं पाठीला

श्रीअवचितबुवा महाराज दर उन्हाळ्यात गव्हाणखेड्याला येत आणि तळ्याच्या बांधाखाली मारुतीच्या देवळात उतरत. दर्शनाला येणाऱ्याने नारळ आणू नये, असा त्यांचा दंडक होता. "नारळ घरी फोडा, लेकरांना खोबरं द्या. इथे येताना तळ्यातल्या गाळाची एक पाटी आणा," महाराज म्हणत. तळे तेव्हा आटलेले असे. माणसे गाळ भरत, बांधावर टाकत आणि मग पाया पडत. अशा भक्तीने तीन वर्षांत तळे हातभर खोल झाले आणि बांध हातभर रुंद!

त्या पाट्या विणत असे ठकूबाई बुरडीण. बांधाच्या पायथ्याशी, खालच्या आळीत तिचे खोपट होते. पाट्या विणून झाल्या की ती ओढ्याकाठचा वाळा उपटून आणी आणि बांधाच्या बाहेरच्या उतारावर एकेक वीत अंतराने लावी.

गावचे देशमुख रखमाजीराव एकदा घोडी थांबवून म्हणाले, "काय गं ठकू, बांधाला केस लावतेस? मग न्हाव्यालाही सांगून ठेव!"

बरोबरची माणसे खो खो हसली. ठकूबाईही हसली. "धनी, वरचं गवत गुरं खातील, पर मुळं माती धरत्यात."

महाराजांच्या कानावर हे गेले. त्यांनी तिला जवळ बसवले. "तुझी सेवा मातीच्या पोटात आहे, बाई. ती दिसायची नाही. पण थांबवू नकोस."

त्या वर्षी महाराज चातुर्मासासाठी चार कोसांवर नांदूरटेकला गेले आणि इकडे देशमुखांच्या मनाने घेतले की, गावाला आपलीही आठवण राहावी. तळे भरले की जादा पाणी सांडव्याच्या दगडी वाटेने ओढ्यात निघून जाई. देशमुखांना ते पाणी वाया जाते असे वाटे. त्यांनी सांडव्यावर दोन हात उंच चुनेगच्ची भिंत घातली आणि मधल्या दगडावर स्वतःचे नाव कोरून घेतले. दगडचुन्याच्या गाड्या बांधावर चढवायला दहा हात वाळाही उपटून टाकला.

ठकूबाई त्या उघड्या मातीकडे पाहत राहिली. पण पावसाने जोर धरला होता, आणि त्या उघड्या उतारावर लावलेले रोप मूळ धरण्याआधीच वाहून गेले असते.

हस्ताच्या पावसाने तीन दिवस उसंत दिली नाही. तळे भिंतीला लागले. चौथ्या दिवशी सकाळी ठकूबाईने बांधाला फेरी घातली. पाणी बऱ्याच ठिकाणी झिरपत होते, पण ते निवळ होते. निवळ झिरपीला भ्यायचे नसते, हे तिला ठाऊक होते. उपटलेल्या दहा हातांत मात्र बोटाएवढी धार लागली होती, आणि ती गढूळ होती. तिने लोट्यात ते पाणी धरले आणि सांडव्यापाशी भिंतीचे कौतुक करत उभ्या असलेल्या देशमुखांपुढे ठेवले. बघता बघता लोट्याच्या तळाशी दोन बोटे माती बसली.

"धनी, हे पानी न्हाय, आपला बांध हाय. भिंत फोडा, पानी जाऊ द्या. खाली आमची चाळीस घरं हायती."

"लोटाभर मातीनं तळं फुटतं का गं?" देशमुख म्हणाले. "जा, पाट्या विण."

ठकूबाईने आळीत जाऊन हाका घातल्या. माणसे लेकरे-म्हातारी घेऊन टेकडीकडे निघाली. पण एक बाळंतीण होती, दोन अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना हलवायला वेळ हवा होता. ती परत बांधाकडे धावली. धार आता मनगटाएवढी झाली होती. तिने विणलेली पाटी भोकावर लावली आणि पाटीला पाठ देऊन, टाचा रोवून बसली.

"महाराज," ती म्हणाली, "माझी पाठ ल्हान पडतीया. तुमची द्या."

आरडाओरडा ऐकून देशमुख आले. तोंड उघडणार तोच त्यांना दिसले, बाईच्या कुशीजवळून पाझरणारे पाणी निवळशंख झाले होते! त्यांनी ते ओंजळीत घेतले, पुनःपुन्हा पाहिले. मातीचा कणही नव्हता.

"ठकूबाई, कोण आहे तुझ्या मागं?"

"ठावं न्हाय, धनी. पाठीला पाठ लागलीया. ऊब लागती. तुम्ही भिंतीचं बघा!"

देशमुखांनी गड्याच्या हातातली पहार हिसकावली आणि आपल्या नावाच्या दगडावर पहिला घाव घातला. दगड निखळला, पाठोपाठ भिंत गेली, आणि तळे मोकळा श्वास सोडल्यासारखे ओढ्याकडे धावले. संध्याकाळपर्यंत पाणी दोन हात उतरले. बांध उभा होता. आळीतली एकही चूल भिजली नव्हती!

पाऊस ओसरताच देशमुख अनवाणी नांदूरटेकला गेले. तिथल्या मंडळींनी सांगितले, "त्या दिवशी महाराज जेवता जेवता उठले आणि भिंतीला पाठ लावून, टाचा रोवून प्रहरभर उभे राहिले. घास घेईनात, हलेनात. विचारलं तर म्हणाले, तळं टेकलंय पाठीला." महाराजांची कफनी दोरीवर होती. पाठीवर गव्हाणखेड्याची तांबूस माती होती आणि पाटीची वीण स्पष्ट उमटली होती. नांदूरटेकची माती तर काळीभोर!

देशमुखांनी पायांवर डोके ठेवले. महाराज हसून म्हणाले, "रखमाजीराव, पाणी जाऊ द्यावं, माती धरावी. एवढंच तर ती बाई करत होती. माझ्या पाया काय पडता?"

पुढल्या उन्हाळ्यात गाळाची पहिली पाटी देशमुखांच्या डोक्यावर होती. उपटलेल्या जागी त्यांनी आपल्या हाताने वाळा लावला. मग तो नावाचा दगड उचलून आणला आणि म्हणाले, "हा तळ्याच्या घाटाला पायरी म्हणून बसवा. नाव वर ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागू देत."

ठकूबाई वाकली आणि तिने दगड उलटा केला. "नावाला कशापाई पाय लावायचा, धनी? नाव मातीकडं असू द्या. माती धरंल."

 साऱ्या गावादेखत देशमुखांनी पागोटे काढले आणि त्या बुरडिणीच्या चिखलाने भरलेल्या पायांवर माथा टेकला.