विहिरीच्या भिंतीमागची वाळू

फार जुनी गोष्ट आहे. एका कोरड्या मुलखात राजाने गावासाठी मोठी विहीर बांधायला काढली. खोदायला एक टोळी लावली, दगडी भिंत बांधायला दुसरी. खोदणाऱ्यांचा नायक होता सटवाजी, गवंड्यांचा येसोबा. पुरुषभर खोदून झालं, की तेवढी भिंत बांधायची आणि मग पुन्हा खाली खोदायचं, असं काम चाले. राजाची शाबासकी आपल्यालाच मिळावी म्हणून दोघे एकमेकांशी कामापुरतंही बोलत नसत.

एके दिवशी सटवाजीला बाजूच्या मातीत ओल्या वाळूचा थर लागला.

‘येसोबाला सांगितलं, तर तो काम थांबवील आणि उशिराचा ठपका माझ्यावर येईल,’ असं मनाशी म्हणत त्याने तो थर चिखलाने लिंपून टाकला. त्यावर भिंत चढली.

पुढे एकदा भर दुपारी तो आपल्या गड्यांसह तळाशी खणत होता. भिंतीमागून आवाज आला. सर्र... सर्र... फाटक्या पोत्यातून धान्य गळावं तसा.

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. दगडांच्या फटींतून गढूळ धार सुटली. वर आभाळ परातीएवढंच दिसत होतं.

“नाईक, हे काय होतंय?” एका गड्याने घाबरून विचारलं.

सटवाजीने मान वर केली. मग तो जिवाच्या आकांताने ओरडला, “येसोबा! भिंतीमागे वाळू आहे! मी लपवली होती!”

वरून काहीच उत्तर आलं नाही. भिंतीला फुगवटा आला. गेला हा आपल्याला सोडून, असं सटवाजीला वाटलं.

तेवढ्यात दोर हलला. वाशांची मोळी खाली आली आणि तिच्यामागून स्वतः येसोबा उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“भिंतीला पडलेली भेग मी परवाच पाहिली होती रे,” तो म्हणाला. “माझं काम कच्चं ठरेल म्हणून गप्प बसलो. धर हा वासा!”

दोघांनी भिंतीला वासे टेकवले. वासे करकरू लागले. गडी एकेक करून वर ओढले गेले. शेवटी हे दोघे काठावर पोचले, तोच खाली सगळं धडाडून कोसळलं.

विहीर बुजली. शाबासकी कुणालाच मिळाली नाही आणि गावाला आणखी एक उन्हाळा दूरच्या नदीवरून पाणी वाहावं लागलं. दुसरी विहीर खोदताना मात्र रोज सकाळी आधी दोघे नायक मिळून खाली उतरत आणि जे दिसेल ते तिथंच एकमेकांना सांगत.

तात्पर्य : सोबत काम करणाऱ्यापासून लपवलेला धोका दोघांच्याही डोक्यावर कोसळतो.