ढवळी गाढवीची आणि आवडीच्या वशाची कहाणी

शितळाआई, कान दे. बायांनो, लेकरांना पुढ्यात घेऊन बसा. माझ्या आईनं सांगितली तशी सांगते.

नदीकाठी आटपाट नगर वसलेलं होतं. तिथं सुभाना कुंभार राहत होता. त्याची बायको सारजा. त्यांना बारा वर्षांची लेक आवडी, तिच्या पाठचा म्हादू. दारी पांढरी गाढवी, तिचं नाव ढवळी. काय दिवस होते ते! सकाळी चाक फिरायचं, दुपारी मडकी उन्हात सुकायची, सांजेला मडकी भाजायच्या आव्याचा धूर आळीभर पसरायचा. ढवळी खाणीतली माती वाहायची, तेव्हा घरची चूल पेटायची.

पण आवडीच्या हाती काठी. ढवळी चालली तरी मारी, थांबली तरी मारी, चरली तरी मारी. अक्काचं बघून म्हादू खडे मारी. मग दोघं खदाखदा हसत.

श्रावण आला, शितळासातम आली. सारजानं चूल सारवली, विस्तव केला नाही, थंड दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मग ढवळीला कुंकू लावायला गेली. शितळाआईचं वाहन ते! हात पुढं केला तशी ढवळी कापू लागली, अंग चोरून भिंतीला लागली. पाहते तो पाठीवर वळ, वळांवर माशा.

सुभाना संतापला. काठी घेऊन लेकीवर धावला. सारजानं हात धरला. म्हणाली, "नका मारू, धनी. मारून शिकवाल तर पोर मारायलाच शिकेल."

मग आवडीला जवळ घेतलं. तिचा हात ढवळीच्या मानेवर हलकेच ठेवला.

"काय लागतं गं हाताला?"

"ऊन ऊन लागतं. थरथरतंय."

"का थरथरतंय?"

आवडीला रडू फुटलं. "मला भिते, आई. मी काय करू?"

"वसा घे."

"कसला वसा?"

"सांगेन, पण घेशील आणि विसरशील."

"नाही विसरणार."

"मग ऐक. तिला पाजल्यावाचून आपण पाणी पिऊ नये. जखमेला हळदतेल लावल्यावाचून आपण जेवू नये. मुक्या जिवावर हात उगारू नये."

आवडीनं वसा घेतला. पहिल्या आठवड्यात ढवळीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या आठवड्यात आवडी लांब सरली, तेव्हा ढवळी पाणी प्याली. तिसऱ्या आठवड्यात आपणहून आली, तिच्या खांद्यावर मान टेकली. आवडी श्वास रोखून उभी राहिली. म्हादूनं मुठीतले खडे हळूच टाकले.

भादव्यात पाऊस उघडला. दोघं ढवळीला घेऊन मातीच्या खाणीवर गेली. खाणीच्या तोंडाशी ढवळीनं पाय रोवले. काही केल्या पुढं जाईना.

म्हादू म्हणाला, "अक्के, हाण की एक!"

आवडी म्हणाली, "नाही हाणायची. काय झालं गं, ढवळे?"

आणि तिच्याजवळच थांबली. एक पळ गेलं, दोन पळं गेली, तिसऱ्या पळाला दरड धाडकन कोसळली. जिथं बसून दोघं माती खणत, तिथं पुरुषभर ढीग! म्हादू बहिणीला बिलगला, बहीण ढवळीला बिलगली.

घरी येऊन सांगितलं. सुभानानं ढवळीचे पाय धुतले. सारजानं तिघांवरून भाकरीतुकडा ओवाळला. आळीतली पोरं आली, "आम्हालाही वसा सांग," म्हणाली. आवडीनं सांगितला. कुणी बैलाला जपलं, कुणी कुत्र्याला, कुणी शेळीच्या करडाला.

पुढं आवडीचं लग्न झालं. सासरी निघाली तशी म्हातारी ढवळी मागोमाग चालली. वेशीशी येऊन थांबली, गाडी दिसेनाशी होईतो बघत राहिली. आवडीला सुना आल्या, नातवंडं झाली. नातवंडं विचारत, "माहेरचं काय आठवतं?" ती म्हणे, "वाजंत्री आठवत नाही, शालू आठवत नाही. वेशीतली ढवळी आठवते." आणि पदरानं डोळे टिपी.

शितळाआई, आवडीच्या हाताला जशी माया दिलीस, तशी आमच्या लेकरांच्या हातांना दे. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारांना फळो, इथं पुरी होवो.