मिटलेल्या पुस्तकाचे चित्र

एका नदीकाठच्या गावात एकदा एक चौकटी करणारा कारागीर राहत होता. दिगंबर त्याचे नाव. देवादिकांच्या तसबिरींना, लग्नातल्या फोटोंना लाकडी चौकट आणि काच बसवून देण्याचे त्याचे लहानसे दुकान होते. दुसऱ्यांची चित्रे हाताळता हाताळता आपणही चित्र काढावे, ही इच्छा त्याच्या मनात रुजली. शिकवणारा कोणी नव्हता, म्हणून त्याने पुस्तकांनाच गुरू मानले.

पुस्तके त्याने श्रद्धेने जमवली. काही रेखाटनाचे आणि छायाप्रकाशाचे धडे देणारी, तर काही कोणाच्याही आधाराविना चित्रकार झालेल्या माणसांची चरित्रे. दुकान उघडण्यापूर्वी तो रोज वाचत बसे. आवडलेल्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढी. वाचताना त्याचे मन भरून येई. मग तो कागद घेई, पहिली रेघ चुके, आणि आपल्याला अजून काहीतरी ठाऊक नाही असे वाटून तो पुन्हा पुस्तकाकडे वळे. अशी वर्षे गेली. कपाट भरले. चित्र मात्र एकही पुरे झाले नाही.

त्याच्या आईची दृष्टी मंदावत चालली होती. गेलेली नजर आता परत येणार नाही, असे वैद्यांनी सांगितले होते. एके दिवशी भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "माझं चित्र काढीन म्हणाला होतास. मला दिसतंय तोवर काढ बाबा."

दिगंबरने त्याच दिवशी कागद लावला आणि सायंकाळी फाडला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. अखेर आपले सर्वांत आवडते पुस्तक पिशवीत घालून तो पंतांकडे गेला. पंत हे वृद्ध चित्रकार. एके काळी नाटकांचे पडदे रंगवीत, आता गावाबाहेर एकटेच राहत.

"पंत, हे पुस्तक मी कितीदा वाचलं असेल, सांगता येणार नाही," दिगंबर म्हणाला. "वाचलं की वाटतं, आता जमेल. कागदासमोर बसलो की सगळं ओसरतं. जे वाचल्यावर हात चालू लागेल, असं एखादं पुस्तक सांगा. नसेल, तर माझ्यात ते नाहीच असं सांगा. मी हा नाद सोडून देतो."

पंतांनी पुस्तक हातात घेतले, पण उघडले नाही. ते खिडकीजवळच्या टेबलावर मिटलेलेच ठेवले आणि त्याच्यापुढे कागद सरकवला.

"याचं चित्र काढ."

"पुस्तकाचं?"

"हो. असं मिटलेलंच. उघडायचं नाही."

दिगंबरला हे विचित्र वाटले. आत इतके काही सांगितलेले असताना वरचे पुठ्ठे रेखाटून काय मिळणार? तरीही वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणून तो बसला. बाह्यरेषा काढल्या. एक बाजू वाकडी झाली, ती खोडली. सावली भरली. मग पुष्कळ वेळ तो कागदाकडे पाहत राहिला.

"पंत, जरा पुस्तक उघडू का?"

"कशासाठी?"

"बघतो काही सापडतंय का."

"मग नको," पंत म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

दिगंबरने दुसरा कागद घेतला. तोही बिघडला. तिसऱ्या वेळी मात्र तो चिडला नाही. तो टेबलाकडे पाही, मग कागदाकडे, पुन्हा टेबलाकडे. ऊन खिडकीच्या गजांवरून खाली उतरले, तेव्हा तो म्हणाला, "माझं पुस्तक टेबलावर टेकलेलं वाटत नाही. हवेत लटकल्यासारखं दिसतंय. सावली तर मी दिली आहे. ती वेगळीच कुठेतरी पडल्यासारखी का वाटते, एवढं मला पाहायचंय."

"आता उघड," पंत म्हणाले.

सावलीचे प्रकरण कुठे आहे, हे त्याला तोंडपाठ होते. त्याने नेमके पान काढले. तिथे लिहिले होते की, वस्तू जिथे टेकते तिथे सावली सर्वांत दाट असते आणि दूर जाता जाता ती विरळ होते. त्या ओळीखाली त्याचीच जुनी लाल रेघ होती. त्याने पुस्तक मिटून जागेवर ठेवले आणि टेकलेल्या कडेशी पेन्सिल दाबून फिरवली. कागदावरचे पुस्तक टेबलावर बसले.

पंत त्याच्याशेजारी येऊन बसले.

"ही ओळ तुला पूर्वी आवडली होती, म्हणून तू खूण केलीस. आज तिची तुला गरज पडली. पुस्तक वाचून मन भरून येतं, हे चांगलंच आहे. पण ते भरलेलं मन घेऊन तू पुढचं पान उलटत होतास, आणि सगळा हुरूप वाचण्यातच संपत होता. हे लिहिणाऱ्यानंही कागद फाडले असतील. त्यातून जे उमगलं, ते त्यानं तुझ्यासारख्या एकट्यानं शिकणाऱ्यासाठी लिहून ठेवलं. ते घ्यायला जाताना आपली चूक बरोबर न्यावी लागते. रिकाम्या हातांनी गेलास, तर तो तुला नुसता धीर देईल."

दिगंबरने त्यांना नमस्कार केला आणि तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईला अंगणात बसवले. पुस्तके कपाटात होती. अडेल तेव्हा तो उठे, एखादे पान पाही आणि परत येई. काही दिवसांनी चेहरा पुरा झाला. एक डोळा किंचित वर गेला होता, हे त्याला दिसत होते. तरी त्याने कागद फाडला नाही. तो आईकडे दिला.

आईने तो अगदी डोळ्यांजवळ नेला आणि सावकाश, कडेपासून कडेपर्यंत पाहिला.

"मी आहे खरी," ती म्हणाली. "पण गळ्याशीच का थांबलास? जन्मभर कामं केली ती हातांनी. ते कुठे आहेत?"

हातांचा विचार दिगंबरने केलाच नव्हता. त्याने मोठा कागद आणला आणि आपला बसायचा चौरंग थोडा पुढे ओढला. आईने पदराला हात पुसले व ते मांडीवर ठेवले.