‘व्हय’च्या आधीचे सात श्वास

आजोबांच्या खांद्यावर बसून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. देवळात दोनशे माणसं एका दमात ‘व्हय महाराजा!’ म्हणाली आणि माझ्या मांड्यांखाली आजोबांचे खांदे थरथरले. त्याच्या आधी सगळं देऊळ गप्प झालं होतं, ते का, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. तुम्ही पाहुण्यांनी आज नेमकं तेच विचारलंत. गावकर म्हणजे गावचा मुख्य मानकरी. तो गावाचं मागणं मांडत देवापुढे गाऱ्हाणं घालतो, तेव्हा बाकीच्या गावांत लोक लगेच होकार देतात. आमच्या हेदवण्यात सात श्वास थांबतात.

पूर्वी थांबत नसत म्हणे. गावकर बोलला आणि गावाने व्हय म्हटलं, की ते देवाचंही झालं आणि गावाचंही. बांध कुठे घालायचा, भांडण कसं मिटवायचं, सगळं त्या एका शब्दावर.

तेव्हा राघो गावकर होता. त्याची लेक आवडी घाटावर दिलेली. एका साली घाटावर पटकीची साथ आली. आवडीचा घो गेला, सासू गेली. ती एकटीच चालत माहेरी आली आणि नदीपलीकडे उभी राहिली. तरीवाल्याने होडी बांधूनच ठेवली आणि राघोला विचारलं,

“गावकारांनू, तुम्ही सांगा. आणू काय नको?”

पलीकडून आवडी ओरडली, “बाबा, माका कायएक झाला नाय! गोठ्यात ऱ्हवतंय मी, पण माका घेवा!”

लेक आपली, म्हणून गावाच्या जिवावर कसं उठायचं, असं राघोला वाटलं. तो देवळात गेला. गाव जमलं. त्याने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा महाराजा, नदीपलीकडचा जा काय आसा, ता पलीकडेच रवांदे!” मनात त्याने धरलं होतं, एकाने जरी तोंड मिटलं तरी होडी सोडायची.

लोकांना वाटलं, बापच मागतोय, आपण मोडता कसा घालायचा? सगळ्यांनी व्हय म्हटलं. नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटलं, असं सांगतात. तो आवाज नदीपार गेला. तिन्हीसांजेपर्यंत आवडी पलीकडे बसून होती. मग दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची सावळी राघोच्या बायकोपाशी येऊन रडली. “माझ्या मनात नव्हता गो, नुसता तोंडान म्हटलंय.” तरीवालाही तेच म्हणाला. मग घराघरातून तेच निघालं. अख्ख्या गावात एकाच्याही मनात व्हय नव्हतं, आणि गावाने तर व्हय म्हटलं होतं. माणसं धावली. वरच्या खिंडीत तिचं गाठोडं मिळालं. ती मिळाली नाही.

राघोने पुन्हा गाऱ्हाणं घातलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याने गावाकडून देवापुढे वचन घेतलं. गाऱ्हाण्यानंतर सात श्वास थांबायचं. ज्याच्या मनात नसेल त्याने उठून जायचं. त्याला कोणी अडवायचं नाही, कारण विचारायचं नाही. आणि एक जरी उठला, तरी ती गोष्ट ठरली नाही असं समजायचं.

आजही तसंच चालतं. गेल्या शिमग्यात खालच्या वाडीतल्या एका घराचा पालखीचा मान काढायचं निघालं होतं. निवडणुकीत त्या घराने दुसऱ्या बाजूला मतं दिली, एवढंच. माझी धाकटी बहीण त्याच घरात दिलेली आहे. समोरच्या खांबापाशी ती बसली होती. गाऱ्हाणं संपलं. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला आमच्याच बाजूची माणसं. मी मान खाली घालून श्वास मोजत राहिलो. उठायचं मनात होतं हो. पाच झाले. सहा झाले. माझे ओठ तयार झाले होते.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून माझी बायको उठली. तिने पदर सावरला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पायऱ्या उतरून निघून गेली.