सांता रुफिनाच्या नगरसभेला दार का नाही

पेरूच्या डोंगरात, सांता रुफिना या गावच्या चौकात नगरसभेची दगडी इमारत उभी आहे. तिला चौकट आहे, उंबरा आहे, पण दार नाही. पाहुणे आले की म्हातारा रखवालदार एउसेबियो त्यांना उंबऱ्यावर बसवतो आणि तोमासा वामानची हकिगत सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तोमासा वरच्या तळ्याकाठी मेंढ्या राखायची. एका सकाळी तिला तळ्याच्या मातीच्या बांधातून पाणी झिरपताना दिसलं. तिनं भेगेत हात घातला, तर तो कोपरापर्यंत आत गेला! बांधाखाली सगळं गाव होतं. मेंढ्या तिथंच सोडून ती उतारावरून धावत सुटली.

नगरसभा भरली होती. सणाच्या मिरवणुकीत कोणत्या आळीचा बाजा पुढे चालावा, यावर तीन दिवस खल चालला होता. सभा उठेपर्यंत दार उघडायचं नाही, असा नियम होता.

"आत जाऊ द्या, बांध फुटतोय!" तोमासा ओरडली.

"सभा चालू आहे. बायकांना आत सोडत नाहीत," पहारेकरी म्हणाला.

तिनं दारावर मुठी आपटल्या. आतून कुणीतरी खेकसलं, "गप्प बसा तिथं!"

तोमासाच्या डोळ्यांपुढे तो बांध होता. तिनं मागे वळून बाजारातल्या बायकांना हाक मारली. पाथरवटाची पहार कुणी आणली, ठाऊक नाही. दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला होत्या. सात-आठ जणींनी पहार घालून जोर लावला, तसं ते देवदाराचं अवजड दार चौकटीतून निखळलं आणि धाडकन चौकात पडलं.

आतली सगळी मंडळी उठून उभी राहिली. नगराध्यक्ष डॉन बाल्तासार संतापानं थरथरत होते. तोमासा चिखलाच्या पायांनी थेट त्यांच्यासमोर गेली. "मला शिक्षा नंतर करा. आधी वर चला!"

ते तिच्या कोपरापर्यंत माखलेल्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी टोपी फेकली आणि पळत निघाले. त्यांच्या मागून सगळं गाव धावलं.

वर पोचेपर्यंत बांधाला खिंडार पडलं होतं. टाकलेला प्रत्येक धोंडा पाणी वाहून नेत होतं.

"दार आणा!" तोमासा किंचाळली.

बारा माणसांनी ते खांद्यावर चढवून आणलं आणि खिंडारावर आडवं धरलं. तोमासा कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि तिनं दाराला पाठ लावली. तिच्या शेजारी डॉन बाल्तासार उतरले, मग बाकीचे. बायकांनी मागून दगड रचले, गवताची ढेपळं तुडवून बसवली. दुपारपर्यंत पाण्याची धार बारीक झाली, आणि मग थांबली. लोक चिखलात उड्या मारून एकमेकांना मिठ्या मारत होते, असं सांगतात.

लोक सुताराला नवं दार करायला सांगू लागले, तेव्हा डॉन बाल्तासार म्हणाले, "नको. आम्ही आत बसून बहिरे झालो होतो."

आजही नवा नगराध्यक्ष खुर्चीत बसण्याआधी बाजारातली एक बाई पाय न पुसता सरळ आत जाते आणि सगळ्यांदेखत त्याला विचारते, "ऐकू येतंय ना?"

"येतंय!" असं त्यानं चौकापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं म्हणावं लागतं. आवाज कमी पडला, तर ती पुन्हा विचारते.