चिटकुलीची टिकली

एवढीशी उंदरी. नाव तिचं चिटकुली. नाक गुलाबी, शेंबूड नसलेलं. तुमचं बघा बरं!

चिटकुलीने कुंकवाची टिकली लावली. कशावर लावली? नुसत्या पाण्यावर! पाणी वाळलं. कुंकू सुटलं. फुर्रर्र! उडून गेलं.

तेवढ्यात आली ठिपकी. ठिपकी म्हणजे छोटासा किडा. लाल लाल पाठ, काळे काळे ठिपके. ठुमक ठुमक चालली.

"अय्या, टिकली पडली? माझे ठिपके बघ. पुसले तरी जात नाहीत!"

चिटकुलीने शेपटी आपटली. फट्! फट्! "हिला इतके, आणि मला एकही नाही?"

आई टिकली कशावर लावते? मेणावर! चिटकुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"मेणमामा, मेणमामा, टिकली धरता का?"

मेण बसलं होतं वाटीत, दगडासारखं. "मी टणक. आधी वितळायला हवं. पण विस्तवावर नको हं, मिशा जळतील! गरम पाण्यात माझी वाटी ठेव. जा, पाणी तापव."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पाणीमावशी, पाणीमावशी, तापतेस का?
मेण वितळेना, टिकली टिकेना,
ठिपकी मिरवते, पोट माझं जळतं!"

"मी गारच बरी बाई! आधी चूल पेटू दे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलकाकू, चूलकाकू, पेटतेस का?
पाणी तापेना, मेण वितळेना, टिकली टिकेना,
ठिपकी मिरवते, पोट माझं जळतं!"

"पोट जळतंय? मग पाणी त्याच्यावरच ठेव की! खी खी खी! मला आधी काटक्या आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"शेवगादादा, शेवगादादा, काटक्या देतोस का?
चूल पेटेना, पाणी तापेना, मेण वितळेना, टिकली टिकेना,
ठिपकी मिरवते, पोट माझं जळतं!"

"आई गं! माझ्या पानांवर मावा बसलाय. बारीक बारीक किडे. रस पितात, चुटुचुटु. आधी मावा खाणारं कुणी आण."

"मावा कोण खातं?"

"ठिपकी!"

अरे देवा! चिटकुलीचं तोंड एवढंसं झालं. पाय निघेना. शेपटी निघेना. तुरु... तुरु...

"ठिपकीताई, ठिपकीताई, मावा खातेस का?
काटकी पडेना, चूल पेटेना, पाणी तापेना, मेण वितळेना, टिकली टिकेना,
ठिपकी मि..."

चिटकुलीने तोंडावर हात ठेवला.

"पुढे काय गं?"

"पुढे काही नाही!"

"बरं. आधी म्हण, ठिपकीताई छान दिसते."

चिटकुलीने दात खाल्ले. कर्र कर्र! डोळे मिटले. "ठिपकीताई... छान... दिसते."

झालं! ठिपकीने मावा खाल्ला, मटामट. शेवगा खुलला. काटक्या पडल्या, कडाकड. चूल पेटली, भडाभडा. पाणी तापलं, खदाखदा. मेण वितळलं, हळूहळू. चिटकुलीने थेंबभर खोबरेल घातलं. शहाण्यासारखं निवू दिलं. फू फू फू! मऊ मऊ मेण कपाळावर, त्यावर लाल लाल कुंकू. टिकली बसली, गच्च!

चिटकुलीने उडी मारली. टिकली हलेना. गडाबडा लोळली. टिकली हलेना. मग ठिपकीच्या पुढून गेली. ठुमक ठुमक!

ठिपकी बघतच राहिली. "मला पण लाव ना गं! माझे सगळे पाठीवर. कपाळावर एकही नाही!"

चिटकुलीने मिशी फेंदारली.

"आधी म्हण, चिटकुलीताई छान दिसते!"

मेण झालं घट्ट,
सोडा आता हट्ट!